भाच्याची मस्टँग

अमेरिकेतला आमचा भाचा आपल्या २०१५ च्या मस्टँगचा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट काढून एकसंध बसवणार आहे. “मामा, वजन वाचेल!” वाचेल हो, पण ३.५५ च्या डिफरन्शियलवर ताशी २४० किलोमीटरला हा दांडा मिनिटाला सुमारे ६,७०० फेरे घेतो. त्याच जाडीच्या नळीची लांबी दुप्पट केली, की ज्या फेऱ्यांना ती चाबकासारखी वाकू लागते, ती मर्यादा एक-चतुर्थांशावर येते! म्हणून एकसंध शाफ्ट जाड नळीचाच हवा. त्याची मर्यादा गाडीच्या कमाल वेगाच्या बरीच वर असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. शिवाय पुढच्या सांध्याजवळ पोलादी कडे हवेच. सांधा निखळलाच, तर दांडा रस्त्यात रुतून गाडी उलथायची नाही. कड्याचे पैसे मामा देणार आहे.