आभाराच्या यादीतले विज्ञान

दरवर्षी शरद ऋतूत जगभरातील विद्यार्थ्यांचे शेकडो संघ एकत्र येतात आणि जिवंत पेशींवर आपण काय प्रयोग केले, ते परीक्षकांपुढे मांडतात. सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजेच संश्लेषित जीवशास्त्र, या शाखेतील 'आयजेम' नावाची ही स्पर्धा 2022 पासून पॅरिसमध्ये भरते. प्रत्येक सादरीकरणाच्या शेवटी पडद्यावर नावांची एक लांबलचक यादी झळकते. मार्गदर्शक, प्रयोगशाळा, देणगीदार, कंपन्या, पालक, मित्र. प्रेक्षक तोवर टाळ्या वाजवून उठू लागलेले असतात. पण तरुणांच्या विज्ञानाला कोण हातभार लावते आणि कोण लावत नाही, हे जाणून घ्यायचे असेल, तर खरे वाचन त्या यादीचेच केले पाहिजे.

या स्पर्धेचे मूळ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, 2003च्या जानेवारीत झालेल्या एका महिन्याच्या अभ्यासक्रमात आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्र जसे सुट्या, प्रमाणित भागांतून जोडता येते, तसे जनुकांचे प्रमाणित तुकडे जोडून जीवाणूकडून ठरावीक काम करून घेता येईल का, हा त्यामागचा प्रश्न. 2004 मध्ये पाच संघांची स्पर्धा झाली, 2005 मध्ये संघ तेरा झाले आणि आता त्यांची संख्या चारशेच्या घरात गेली आहे. 2006 मध्ये एडिंबरोच्या विद्यार्थ्यांनी पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक ओळखणाऱ्या जीवाणूची कल्पना मांडली. त्याच वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक स्लोव्हेनियासारख्या चिमुकल्या देशाच्या संघाने नेले. पदवीच्या वर्गातील मुले असे काही करू शकतात, हा विश्वास ही या स्पर्धेची मोठीच कमाई म्हणावी लागेल.

मात्र तिच्या नियमावलीतील एका कलमाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. कोणते काम विद्यार्थ्यांनी स्वतः केले आणि कोणते इतरांनी करून दिले, हे प्रत्येक संघाला लेखी आणि तपशीलवार सांगावे लागते. हा खुलासा नसेल, तर पहिल्या पायरीचे कांस्यपदकही मिळत नाही आणि पुढच्या पदकांचा मार्गही खुंटतो. 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' एवढ्यावर भागत नाही. प्रयोगाची कल्पना कोणाची, जनुकांची रचना कोणी तपासली, गणिती प्रारूप कोणी सुचवले, पैसे कोणी दिले, हे नावानिशी नोंदवावे लागते. येथे कृतज्ञता सौजन्यापुरती उरत नाही. ती हिशेबाचा भाग होते.

आपल्याकडील परंपरेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. आभारप्रदर्शन हा आपल्या समारंभातील शेवटचा, घाईघाईने उरकायचा कार्यक्रम असतो. प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देश असतो. त्यात विभागप्रमुखांपासून ईश्वरापर्यंत सर्वांचे स्मरण होते, परंतु रात्री उपकरणापाशी बसून नमुने मोजणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव त्यात असेलच, याची खात्री नसते. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती तर असे सुचवते, की आभारात ज्यांचे नाव घ्यायचे त्यांची लेखी संमती घ्यावी. कारण नाव छापले म्हणजे त्या व्यक्तीला निष्कर्ष मान्य आहेत, असा अर्थ निघू शकतो. आभार मानण्यातही जबाबदारी असते, ती अशी.

आता त्या यादीत काय असते ते पाहू. जनुकांचे कृत्रिम तुकडे तयार करून देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने 2015 मध्ये प्रत्येक संघाला वीस हजार बेस जोड्यांइतका डीएनए मोफत देऊ केला. संगणकप्रणाली बनवणाऱ्या कंपन्या आपली साधने विनामूल्य वापरू देतात. याशिवाय माजी विद्यार्थी, गावातील एखादा उद्योजक, लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर पाचशे-हजार रुपये देणारे अनोळखी लोक. 2009 मध्ये बंगळुरूच्या सृष्टी या कला आणि रचना शिक्षण देणाऱ्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी पहिल्या पावसानंतर मातीला येणारा सुगंध, म्हणजे जिओस्मिन हे द्रव्य, जीवाणूकडून तयार करून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि तो एमआयटीत मांडला. विज्ञानाची पदवी नसलेल्या या मुलांना शास्त्रज्ञांची साथ मिळाली, म्हणूनच मृद्गंधाची ही कल्पना परीक्षानळीपर्यंत पोहोचली.

ही बाब आनंदाची आहे, तशीच विचारात पाडणारीही. कारण यादी जितकी लांब, तितकी व्यवस्थेतील पोकळी मोठी, असाही तिचा अर्थ लावता येतो. संघाचे नोंदणीशुल्क काही हजार डॉलर असते. त्यावर आयात रसायने, विमानप्रवास, व्हिसा आणि निवास. हा खर्च उभा करण्यासाठी विद्यार्थ्यांना प्रयोग बाजूला ठेवून महिनोन्‌महिने पत्रे लिहावी लागतात. पुण्याच्या आयसरसारख्या किंवा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या नामवंत संस्थांतील विद्यार्थ्यांना हे जमते, कारण संस्थेच्या नावावर दारे उघडतात. परभणी किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयातील तितक्याच हुशार विद्यार्थिनीने हेच पत्र लिहिले, तर त्याला उत्तर येईल काय? आभाराच्या यादीत तिचे नाव नसते, आणि तिला मदत करणाऱ्यांचेही नसते. जी यादी कधी लिहिलीच गेली नाही, तिचा हिशेब कोण ठेवणार?

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मध्यंतरी देशांतर्गत निवडप्रक्रिया राबवून या स्पर्धेत जाणाऱ्या संघांना अर्थसाह्य दिले होते. 2024च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'बायोई3' धोरणाला मंजुरी दिली. 2030 पर्यंत तीनशे अब्ज डॉलरची जैवअर्थव्यवस्था उभारण्याचे उद्दिष्टही देशापुढे आहे. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या पायाशी पदवीचा विद्यार्थी उभा आहे, याचे भान मात्र तरतुदींत दिसायला हवे. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि 2019च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक विद्यापीठांतील विज्ञान संशोधनाला दिलेला निधीही त्यात मोजला जातो. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आहे. त्या वाटेने विद्यापीठांचे कुलगुरू आणि कंपन्यांचे संचालक किती चालतात, हाच प्रश्न आहे.

लोकाश्रयाची परंपरा आपल्याला नवी नाही. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये कोलकात्यात विज्ञानसंवर्धनासाठी संस्था स्थापन केली, ती नागरिकांच्या देणग्यांवर. सरकारी नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तेथे प्रयोग करणाऱ्या रामन यांनी 1928 मध्ये याच संस्थेत जगन्मान्य शोध लावला. देणाऱ्यांनी पैशाबरोबर एक चालती-बोलती प्रयोगशाळा दिली होती, आणि ती एका स्पर्धेपुरती नव्हती, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

मदतीची दुसरी बाजूही आहे. जो पैसे देतो, त्याला निष्कर्षांत रस असू शकतो. म्हणून देणगीदाराचे नाव जाहीर असणे हे वाचकाचेही संरक्षण आहे. शिवाय जनुकबदल केलेल्या जीवाणूंबाबत समाजाला शंका असणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे 1989च्या नियमांनुसार असे काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते आणि आयजेमही असे जीव प्रयोगशाळेबाहेर सोडू देत नाही. ज्या नागरिकाने पाचशे रुपये दिले, त्याला 'हे सुरक्षित आहे का?' असे विचारण्याचा अधिकार आहे. त्याला समजेल अशा मराठीत उत्तर देणे, हे आभाराचे सर्वांत प्रामाणिक रूप होय.

तेव्हा दोन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. विद्यापीठांनी प्रत्येक विद्यार्थी-प्रकल्पाच्या अहवालात 'कोणी काय केले' हे पान सक्तीचे करावे. त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि राज्य शासनाने जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांसाठी एक छोटा, पण दरवर्षी नक्की मिळणारा निधी राखून ठेवावा. मग मुलांच्या यादीतील नावे कमी होणार नाहीत. फक्त ती मदतीची याचना केल्यामुळे नव्हे, तर कामात वाटा उचलल्यामुळे तेथे असतील.