गाऱ्हाणे आणि धूर

फाल्गुन पौर्णिमेस देवगड परिसरात गावोगावी होळी उभी राहते, देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते आणि गावावरील रोगराई टळो अशी प्रार्थना होते. त्याच अग्नीत कोठे कोठे टायर व प्लॅस्टिकही पडते, याचे आम्हांस वैषम्य वाटते. लाकूड-पेंढ्याचा धूरही निरुपद्रवी नसतोच. रबराचा तर विषारीच.

धुराचे बळी सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाचा धूर साचून राहिला. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचे मृत्यूंच्या नोंदी तपासल्यावरच उमगले. १९५६ मध्ये तेथे कायदा झाला. आपल्याकडील २००९ च्या मानकांनुसार एका घनमीटर हवेत अतिसूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमपर्यंतच असावी. परंतु ती मोजण्यास यंत्र हवे. ते येईल तेव्हा येवो! शिमग्याच्या आधीच्या व नंतरच्या आठवड्यात दम्याचे, खोकल्याचे रुग्ण किती आले, एवढे तरी येथील ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीतून काढता येईल. गावच्या मानकऱ्यांनी ते आकडे मागवावेत, असे आम्ही सुचवितो. टायर मात्र यंदाच दूर ठेवावेत. त्यासाठी आकड्यांची वाट पाहण्याचे कारण नाही.