उभ्या मुलींना प्राणायाम

अलीकडे ताणतणावावर व्याख्यान झालं नाही असा महिना जात नाही. महिला मंडळ असो, शाळेचा पालक मेळावा असो, एक वक्ते येतात, डोळे मिटायला लावतात, दीर्घ श्वास घ्या म्हणतात आणि शाल-नारळ घेऊन जातात. घ्यावा की श्वास, कोण नको म्हणतंय! पण परवा कळलं, एका मोठ्या कापड दुकानानं कामाला असलेल्या मुलींसाठी असलंच शिबिर ठेवलं, आणि तेही दुकान उघडायच्या आधी. मुलींना त्या दिवशी तासभर लवकर यावं लागलं. ताण घालवायला एक तास जादा काम! त्याचे पैसे मिळाले का, असं विचारलं तर ज्या बाई कौतुकानं सांगत होत्या, त्यांना प्रश्नच समजला नाही.

ताण कुठून येतो हे बघायला वक्ता बोलवायची गरज नाही. बेळगावात खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत लग्नसराईत संध्याकाळी सातला जाऊन उभं राहावं. काउंटरपलीकडची मुलगी सकाळपासून उभी असते. आसपासच्या खेड्यातून बसनं आलेली, बहुतेक दहावी-बारावी झालेली, क्वचित माझ्यासारखी बी.ए.सुद्धा. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेमुळं बसचं भाडं वाचतं, तेवढाच काय तो दिलासा. समोर एकाच घरातल्या सहा बायका बसलेल्या. बस्ता बांधायचा आहे. मोरपंखी दाखव, नको, त्यातलाच जरा उजळ दाखव, काठ बारीक हवा, आता तो पहिला परत काढ. चाळीस साड्यांच्या घड्या मोडायच्या, आणि शेवटी "बघून येतो हं" म्हणून सहाजणी उठल्या की त्या चाळीस घड्या परत घालायच्या. घालताना तोंड हसरं ठेवायचं, कारण वर कॅमेरा आहे आणि गल्ल्यावर मालक. बस्त्यातला एक बरा शालू जेवढ्याला जातो, तेवढा तिचा महिन्याचा पगार नसतो.

आर्ली हॉखशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून 1983 साली पुस्तक लिहिलं. हसणं, राग गिळणं, समोरच्याला बरं वाटेल असं वागणं हेही श्रमच आहेत आणि कंपनी ते विकते, असं त्या म्हणतात. आपल्याकडं त्या श्रमाला "स्वभाव गोड पाहिजे" म्हणतात आणि त्याचा पगार वेगळा देत नाहीत.

पायाचं तर विचारूच नका. तासन् तास उभं राहून घोटे सुजतात, पोटरीच्या शिरा फुगतात, कंबर धरते. बाथरूमला वारंवार जाता येत नाही म्हणून मुली पाणी कमी पितात, मग लघवीची जळजळ. ह्याच्यावर प्राणायाम काय करणार? स्टूल पाहिजे, बाथरूम पाहिजे आणि जेवायला सुटी पाहिजे.

हे मागणं काही आकाशातलं नाही. केरळात कोझिकोडच्या बाजारातल्या बायकांनी हेच मागितलं. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. सुरुवात कशावरून? बाथरूमवरून. पुढं बसायच्या हक्कासाठी लढल्या, आणि 2018 मध्ये केरळ सरकारनं दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली. 2021 मध्ये तमिळनाडूनंही तसाच कायदा केला. आणि कर्नाटकाचा दुकान कायदा 1961 चा आहे. त्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास, सलग 5 तासांनंतर तासभर विश्रांती आणि आठवड्याची सुटी, सगळं लिहिलेलं आहे. दिवाळीच्या आठवड्यात हा कायदा कुठल्या कपाटात ठेवतात ते मालकच जाणोत.

मालकांचं उत्तर ठरलेलं असतं: "मुली बसल्या की गिऱ्हाईकाला वाटतं, लक्ष नाही." म्हणजे दोष परत आपल्यावरच. खरं सांगा, मुलगी स्टुलावर बसून साडी दाखवत असेल तर तुम्ही दुकान सोडून जाल का? मी तरी अशी एकही बाई पाहिली नाही. दुसरं उत्तर, "आम्ही त्यांना घरच्यासारखं ठेवतो." घरची लेक पाय दुखतात म्हणाली तर तिला बस म्हणतो ना आपण?

आता आपल्या समाजापुरतं बोलते. आपल्यात व्यापारी पुष्कळ, आणि गिऱ्हाईक म्हणून आपण बायकाही पुष्कळ. पाणी गाळून पितो, चालताना मुंगी चुकवतो. पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र शिकलेल्यांना सातव्या अध्यायातले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवत असतील. बंध, वध, छेद झाल्यावर चौथा येतो अतिभारारोपण, झेपणार नाही एवढा भार लादणं. पाचवा अन्नपाननिरोध, वेळेला खाऊपिऊ न देणं. शिकवताना बैलाचं उदाहरण देतात. बैलाला लागू आणि काउंटरवरच्या मुलीला लागू नाही, असं कुठल्या टीकेत लिहिलंय? चातुर्मासात लाखाच्या बोल्या लावणाऱ्या दुकानात दुपारचा डबा साडेतीनला जिन्याखाली उभ्यानं उरकला जातो, ह्यावर प्रवचनात एखादं वाक्य यायला काय हरकत आहे?

"मग त्या तक्रार का करत नाहीत?" असं विचारणाऱ्या भेटतात. तक्रार करणारीची जागा दुसऱ्या दिवशी भरते, म्हणून करत नाहीत. उत्तर इतकं सोपं आहे.

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की बस्त्यांना सुरुवात होईल. दुकान ठरवताना रंग, काठ, सूट विचारताच, तसं आणखी दोन गोष्टी विचारा: मुलींना बसायला काय ठेवलंय, आणि जेवायला किती वाजता सोडता? विचारायला लाजू नका. मालक ओळखीचेच निघतील, बहुतेक आपल्याच मंदिरातले.