छंद तुमचा, गुडघा दुसऱ्याचा

आमच्या ऑफिसात अप्रेझलची पत्रं आली की दरवेळी एक जण तरी जाहीर करतो, "बास झालं. मी आता फुलटाइम फिटनेसमध्ये जाणार." मागच्या वर्षी तो एक जण मी होतो. चार वर्षं नेमानं वजनं उचलत होतो. डेडलिफ्ट १४० किलोपर्यंत गेली होती. कॉलेजातले मित्र डाएट विचारायला फोन करायचे. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार होता.

तो अजून ड्राफ्टमध्येच आहे. मधल्या काळात एक सर्टिफिकेट घेतलं आणि सहा महिने शनिवार-रविवार एका जिमच्या फ्लोअरवर मदतनीस म्हणून उभा राहिलो. पैसे घेतले नाहीत. आवडीचं काम आहे, पैसे कसले घ्यायचे, असं मला वाटत होतं. ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. त्याबद्दल पुढे सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. व्यायाम शिकवणं हे माणसाला समाधान देणारं काम आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ते 'छंदाचं करिअर' नाही. तो स्वतंत्र पेशा आहे, त्याचं कसब वेगळं आहे, आणि 'पॅशन' या गोड शब्दाखाली त्या पेशाची मजुरी दाबली जाते. ती दाबण्यात आपल्यासारख्या हौशी इंजिनिअरांचाही हात आहे.

आधी कसबाचं बघू. कोड लिहिणाऱ्यांत एक जुना विनोद आहे. टेस्टरनं बग दाखवला की डेव्हलपर म्हणतो, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" स्वतःचे दंड दाखवून ट्रेनर होऊ पाहणारा माणूस नेमकं हेच म्हणत असतो. तुमचं शरीर म्हणजे एक लॅपटॉप. वय सत्तावीस, गुडघे शाबूत, झोप बरी, घरी डबा करून देणारं कोणीतरी. त्यावर जे चाललं ते दुसऱ्याच्या शरीरावर चालेलच असं नाही.

माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात ५८ वर्षांच्या एक काकू आल्या. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हणून सांगितलेलं, पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत. माझी डेडलिफ्ट इथे शून्य कामाची होती. मी उत्साहानं त्यांना स्क्वॉट दाखवायला लागलो, तर तिथले मुख्य ट्रेनर पुढे आले. मी त्यांना दादा म्हणतो. दादांनी खुर्ची आणली, तिच्यावर दोन उश्या ठेवल्या आणि काकूंना म्हणाले, "बसा, आणि हात न टेकता उठा." उंची वाढल्यामुळे त्या उठल्या. दोन आठवड्यांनी एक उशी काढली. मग दुसरी. मग हातात दोन किलोचं डंबेल. एवढंच. तिसऱ्या महिन्यात काकू सांगत आल्या, "अरे, काल एसटीची पायरी दांड्याला न लटकता चढले!"

त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो माझा कुठलाही कोड प्रॉडक्शनला गेल्यावर झालेला नाही. करिअरमधलं समाधान म्हणतात ते हेच असावं.

आणि त्याच संध्याकाळी मॅनेजरनं दादांना दोन प्रश्न विचारले: काकूंचं पीटी रिन्यू झालं का? प्रोटीनचा डबा दिला का? पायरीचं कोणी विचारलं नाही.

इथेच खरी गोम आहे. कसब उश्या काढण्यात आहे आणि पैसा डबा विकण्यात. बीपी असलेल्या माणसानं श्वास रोखून जड वजन उचललं तर त्याचं बीपी आणखी चढतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते. हे ओळखता येणं हा या पेशाचा पाया. पण महिन्याच्या शेवटी जो तक्ता भिंतीवर लागतो, त्यात कोणाचं दुखणं वाढू दिलं नाही याचा रकाना नसतो. विक्रीचा असतो. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टसाठी २०२१ चा कायदा आहे, आयोग आहे, नोंदणी आहे. जिम ट्रेनरला मात्र परवाना लागत नाही. घट्ट टी-शर्ट आणि आत्मविश्वास एवढ्या भांडवलावर उद्या सकाळी तुम्ही कोणाच्याही पाठीवर बारबेल ठेवू शकता.

आता हिशोब. रील्समध्ये तो कधीच नसतो. समजा, एका ग्राहकाची पीटीची फी महिन्याला १०,००० रुपये, बारा सेशन. ट्रेनरचा वाटा ४० टक्के धरू. म्हणजे ४,०००. एका सेशनचे ३३३ रुपये. महिन्याला ४०,००० हवे असतील तर दहा ग्राहक, म्हणजे १२० सेशन. ग्राहक नोकरदार, त्यामुळे सगळ्यांना सकाळी सहा ते नऊ किंवा संध्याकाळी सहा ते नऊ हीच वेळ हवी. दिवसाचे सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, असे एकूण १५० तास. त्यातले १२० भरलेले. पहाटे साडेचारला उठायचं, दुपारी कुठेतरी अर्धवट झोपायचं, रात्री दहाला जेवायचं. मे महिन्यात ग्राहक गावाला गेले की उत्पन्नही गावाला जातं. आणि या सगळ्यात स्वतःचा व्यायाम कधी? ज्या छंदासाठी नोकरी सोडली, तो पहिल्या तीन महिन्यांत सुटतो. दादा स्वतः शेवटचे कधी नीट व्यायाम करून घामाघूम झाले होते, हे त्यांना आठवत नव्हतं.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या जिम बंद झाल्या, त्या उघडल्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. त्या काळात मी घरून काम करत होतो आणि माझा पगार एकदाही चुकला नाही. दादांना त्या सात महिन्यांत एक रुपया मिळाला नाही. गावी जाऊन त्यांनी दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडला. त्यांची पॅशन माझ्यापेक्षा कमी होती असं कोणी म्हणणार आहे का?

कोणी म्हणेल, आपल्या तालमींमध्ये असं नव्हतं. वस्ताद पैशासाठी शिकवत नसे. खरं आहे, पण अर्धंच. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात पैलवानांच्या खुराकाला दरबाराचा आधार होता. खासबाग मैदान उभं राहिलं ते त्याच राजाश्रयावर. म्हणजे पैसे कोणीतरी देतच होतं, फक्त शिकणाऱ्याच्या खिशातून जात नव्हते. आश्रय गेला तेव्हा काय झालं? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. जाण्यासाठी वर्गणी काढावी लागली होती. आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोट भरायला मात्र पोलीस खात्यात नोकरी धरावी लागली. मिरवणूक काढायची आणि मजुरी विसरायची, ही आपली जुनी सवय आहे. रीलवर बदाम टाकणं ही तिचीच नवी आवृत्ती.

दुसऱ्या बाजूला आमचे मामा. "एवढी फी भरून इंजिनिअर केला आणि आता लोकांची वजनं उचलून देणार?" मला मामांचा राग येतो. पण त्यांच्यात आणि 'नोकरी सोडा, पॅशन जगा' म्हणणाऱ्या इन्फ्लुएन्सरमध्ये फार फरक नाही. मामांना हे काम हलकं वाटतं म्हणून त्याला किंमत नाही. इन्फ्लुएन्सरला ते इतकं पवित्र वाटतं की किंमत काढणंच पाप. दोघांच्या मधोमध दादा उभे असतात, ३३३ रुपयांवर.

आता माझी चूक. सहाव्या महिन्यात दादांनी पगारवाढ मागितली. मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तो इंजिनिअर फुकट करतोय, आवडीनं. तुला कशाला वाढ पाहिजे?" दादांनी मला हे चहा पिताना सांगितलं, अगदी शांतपणे. "तू मनानं चांगला आहेस रे. पण तुझं फुकट मला महागात पडतंय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी समजत होतो की मी सेवा करतोय. प्रत्यक्षात मी माझ्या आयटीच्या पगाराच्या जोरावर दुसऱ्याचा दर पाडत होतो. कंपनीत कोणी हौस म्हणून माझं काम फुकट करायला आला असता, तर मी पहिल्याच दिवशी एचआरकडे गेलो असतो. पुढच्या शनिवारी मी मालकाकडे पैसे मागितले. तो म्हणाला, मग येऊ नकोस. मी गेलो नाही.

म्हणून, ज्यांचा मेल ड्राफ्टमध्ये आहे त्यांना माझं सांगणं. या क्षेत्रात जरूर या, पण छंद घेऊन येऊ नका, कसब घेऊन या. आधी सीपीआरसकट नीट शिका. तुमच्यासारख्या नसलेल्या तीन माणसांना सहा महिने शिकवून बघा: एक म्हातारं, एक जाड, एक कंटाळलेलं. तरीही मजा आली तर हे काम तुमचं. पहिल्या दिवसापासून पैसे घ्या आणि कागदावर घ्या: वाटा किती टक्के, सुट्टी कोणती, ग्राहकानं आयत्या वेळी सेशन रद्द केलं तर पैसे कोणाचे. डब्यांचं कमिशन नाकारा.

आणि ज्यांना ट्रेनर व्हायचं नाही, फक्त जिमला जायचंय, त्यांनी पुढच्या वेळी फी भरताना काउंटरवर एकच प्रश्न विचारावा: यातले ट्रेनरला किती मिळतात? उत्तर टाळलं, तर तेच उत्तर समजा.

सध्या मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या एका काकांना शिकवतो, गच्चीवर, खुर्ची आणि दोन उश्या घेऊन. फी सांगितली तेव्हा ते चपापले. "अरे, तू तर नोकरीवाला. तुला काय गरज?" मी म्हटलं, "मला नसेल काका, पण कामाला आहे." त्यांनी जरा नाराजीनंच फोन काढला आणि पैसे पाठवले. मागच्या रविवारी आम्ही पहिली उशी काढली.