‘सिनेमात कधी?’

आमच्या तळेगावात एखाद्या नटाने ‘पुढच्या आठवड्यात माझे नाटक आहे’ असे सांगितले, की लोक हमखास विचारतात, ‘सिनेमात कधी दिसशीन?’ जणू नाटक म्हणजे सिनेमाची नुसती पायरी! मला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हटले, की ‘नोकरी कधी?’ हेच ऐकावे लागते. चालू कामाला काही मोलच नाही काय?

मित्रहो, आपल्याच विदर्भातली झाडीपट्टी पाहा. दिवाळीनंतर, धान निघाले की तिथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे नाटक कंपन्यांचे माहेरघर. गावोगावी मंडप पडतात आणि शेतकरी, मजूर तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर आयुष्य वेचले; २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना मोठे केले ते या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांनी.

तेव्हा आपल्या गावच्या नटाने प्रयोगाची तारीख सांगितली, तर नुसते अभिनंदन करून मोकळे होऊ नये. ‘तिकीट कितीचे?’ असे विचारावे, आणि जावे.