भाषणाच्या आधीची वर्षे

२७ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवार असूनही, जर्मन संसद भरली. चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ यांनी युग पालटल्याचे सांगून लष्करासाठी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी जाहीर केला. जगभर कौतुक झाले. पण तीनच दिवस आधी, रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या त्याच दिवशी, जर्मनीच्या लष्करप्रमुखांनी उघडपणे लिहिले होते की, आपले सैन्य जवळजवळ रिकाम्या हाताने उभे आहे. संकटात नेता कसा वागला हे आपण त्याच्या भाषणावरून जोखतो. हा मापदंडच मला चुकीचा वाटतो. संकटाच्या दिवशी त्याच्यापुढे पर्याय किती, हे आधीच्या निवांत वर्षांत ठरून गेलेले असते.

फिनलंडकडे पाहा. अध्यक्ष साउली नीनिस्त्यो आणि पंतप्रधान साना मारिन यांनी मे २०२२मध्ये नाटोसाठी अर्ज केला आणि ४ एप्रिल २०२३ रोजी देश सदस्यही झाला. अनेक दशकांची अलिप्तता इतक्या झटपट सोडता आली, कारण मागची तयारी कधी थांबलीच नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यावरही फिनलंडने पुरुषांची सक्तीची लष्करी सेवा चालू ठेवली. ५५ लाख वस्तीच्या या देशाला युद्धकाळात २ लाख ८० हजारांची फौज उभी करता येते. ६४ एफ-३५ विमाने घेण्याचा निर्णय डिसेंबर २०२१चा, म्हणजे युद्धाच्या आधीचा. देशात सुमारे ५०,५०० निवारे असून त्यांत ४८ लाख माणसे मावतात. हेलसिंकीच्या मेरिहाका भागात खडकाखाली असाच एक निवारा आहे. एरवी तिथे खेळाची मैदाने आणि लहान मुलांचे खेळघर असते. वेळ आली तर ७२ तासांत सगळे हलवून तो लोकांसाठी सज्ज करायचा असतो. यासाठी तिजोरी रिती करावी लागली असेही नाही. गेल्या दशकात बरीच वर्षे फिनलंडचा संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्या आतच होता. पैशापेक्षा सातत्य कामी आले.

यावर कुणी म्हणेल, रशियाला लागून १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या आणि सोव्हिएत संघाशी झालेल्या हिवाळी युद्धात कारेलियाचा बराच भाग गमावलेल्या देशाला सावध राहण्यावाचून गत्यंतर काय? जर्मनीशी त्याची तुलना कशाला? मग स्वीडन घ्या. जर्मनीप्रमाणेच त्याचीही रशियाशी भूसीमा नाही, आणि त्यानेही २०१०मध्ये सक्तीची सेवा थांबवली होती. पण २०१४मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केल्यावर तो सावध झाला आणि २०१७मध्ये त्याने भरती पुन्हा सुरू केली. जर्मनीने २०११मध्ये स्थगित केलेली सेवा तशीच राहू दिली. उलट २०१५मध्ये नॉर्ड स्ट्रीम २ या रशियन वायुवाहिनीचा करार झाला आणि बर्लिनने त्याला केवळ व्यापारी प्रकल्प म्हणून पाठीशी घातले. २०२१पर्यंत जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियातून येत होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यापार आणि संवादातून शांतता टिकते, हे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी १९७०च्या दशकात मॉस्कोशी जुळवून घेऊन दाखवले नव्हते का? दाखवले होते. मात्र ब्रांट यांच्या पश्चिम जर्मनीकडे तेव्हा जवळपास पाच लाखांचे सैन्य होते आणि संरक्षणावर तीन टक्क्यांहून अधिक खर्च होत होता. त्या संवादाला बळाचा टेकू होता. पुढच्या राज्यकर्त्यांनी, यात अँगेला मर्केल यांचे सरकारही आले, संवाद ठेवला आणि टेकू काढून घेतला. हे ब्रांट यांचे धोरण नव्हे, त्याचा सोयीचा अर्धा भाग आहे.

मार्च २०२५मध्ये लवकरच चॅन्सेलर होणाऱ्या फ्रिडरिश मेर्त्झ यांच्या पुढाकाराने जर्मनीने राज्यघटना बदलून संरक्षणखर्चाला कर्जमर्यादेतून मोकळीक दिली. पैशाची अडचण संपली, माणसांची संपलेली नाही. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने लष्करी सेवेचा नवा कायदा मंजूर केला. त्यानुसार अठरा वर्षांच्या मुलग्यांना एक प्रश्नावली भरून द्यावी लागेल. सैन्यात जायचे की नाही, हे मात्र तूर्त त्यांच्या मर्जीवर आहे.