आधी ऐकावे, मग सांगावे

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरची शिवारे हिरवी केली आणि उसाच्या पैशावर एक पिढी शिकली. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे राहिले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ज्ञानगंगा दारी आली. मात्र तिच्या प्रवाहाबरोबर अपेक्षांचे ओझेही आले.

२०२५ मध्ये ‘नीट’ परीक्षेला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. वीस जणांत जेमतेम एकाला जागा, हे साधे गणित आहे. तरीही उरलेल्या एकोणीस घरांत ते मुलाचे अपयश ठरते. क्लासच्या शुल्कासाठी कर्ज काढलेला बाप रागावतो, त्या रागाच्या तळाशी त्याचीही भीतीच असते. म्हणून आधार एकट्या मुलाला देऊन भागत नाही. तो घराला द्यावा लागतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक. संतांच्या भूमीला हे भूषणावह नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे व चारचौघांत त्यांची मानहानी करणे टाळावे, असेही बजावले. तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयाने आणि खासगी क्लासने याचे पालन केले आहे काय, हे पालकांनी सभेत विचारलेच पाहिजे.

तथापि समुपदेशकाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी ‘लोक काय म्हणतील’ हा उंबरठा ओलांडावा लागतो. ताप आला की दवाखाना गाठणारे घर मन आजारी पडले की गप्प बसते. मुलीच्या बाबतीत तर सोयरिकीच्या चिंतेने अधिकच. झोप उडणे, जेवण टाकणे, मित्रांना टाळणे, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे, ही नाटके नव्हेत. अशा वेळी मुलाला एकटे न सोडता त्याला थेट विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र आणि मराठीतूनही सल्ला मिळतो. हा क्रमांक पालकांसाठीही आहे.

भगवद्गीतेने अर्जुनाच्या विषादालाही ‘योग’ म्हटले. गांडीव गळून पडलेल्या त्या वीराला कोणी दुबळा ठरवून रणातून हाकलले नाही. पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध त्याचे ऐकण्यात गेला. उपदेश आला तो दुसऱ्या अध्यायात. आपल्या घरांत मात्र उपदेशच पहिल्या अध्यायात सुरू होतो.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन जाणारे पुष्कळ असतात. ज्या घरी पेढे आले नाहीत, त्या घरी त्या संध्याकाळी चहाला जाणारा शेजारी, शिक्षक, कार्यकर्ता हवा आहे. त्याने गुण विचारू नयेत. नुसते बसावे आणि ऐकावे.